उताराला बंद गाडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी नारायणराव थोरल्या भावाच्या घरी यायचे ते फक्त घागरीसाठी. वडिलांच्या नावाची घागर थोरल्याच्याच घरी भरली जाते, त्याला इलाज नाही. दहाला यायचे, घागरीला हात जोडायचे, जेवायचे आणि हात धुऊन झाले की चप्पल शोधायला लागायचे. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. एरवी दोघे भाऊ जळगाव जामोदच्या बाजारात समोरासमोर आले तर "कसं काय" म्हणत, आणि उत्तर ऐकायला कोणीच थांबत नसे.

यंदा मात्र ते साडेआठलाच आले. सोबत बायको सरस्वतीबाई आणि गावरान आंब्यांची टोपली. कारण एकच, संजीवनी आली होती. किसनरावांची ही धाकटी लेक जर्मनीत नर्स होती, दोन वर्षांनी घरी आली होती आणि आठ दिवसांनी परत जाणार होती. पुतणीवर नारायणरावांचा जीव. भावाशी बोलणं तुटलं तरी पोरीशी कधी तुटलं नाही, आणि किसनरावांनी ते चालू दिलं होतं.

सतरा वर्षांपूर्वी काय झालं ते या घरात कोणी तोंडावर आणत नाही, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं. किसनराव तेव्हा नांदुरा ते जळगाव जामोद काळीपिवळी जीप चालवायचे. नारायणरावांचं बसस्टँडमागं गॅरेज होतं, आणि ब्रेकचं काम असलं की लोक दुसऱ्याकडे जात नसत. एका बुधवारी त्यांनी भावाच्या जीपला नवे लायनर बसवले. शुक्रवारी किसनराव आणि त्यांच्या पत्नी तानुबाई सातपुड्यातल्या एका लग्नाहून रिकामी जीप घेऊन परतत होते. उतारावर ब्रेक लागला नाही आणि जीप वळणावरच्या दरडीवर आदळली. जीव वाचले, पण तानुबाईंचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. "ब्रेक लागलाच नाई," एवढंच किसनराव म्हणाले. भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण ते घ्यायची गरजही नव्हती. तीन महिन्यांत नारायणरावांनी गॅरेज बंद केलं, पाने-पक्कड भंगारात दिली आणि पिठाची चक्की टाकली. वहिनी लंगडताना दिसली की ते खाली पाहायचे.

तर त्या सकाळी सगळे ओसरीवर बसले होते. सरस्वतीबाई आणि नारायणराव आंबे माचून रस काढत होते. तानुबाई आत कुरडया तळत होत्या. शिवम, संजीवनीचा मोठा भाऊ, त्याच्या गाडीला शेगावच्या भाविकांची खेप आज नाही म्हणून निवांत होता आणि बहिणीच्या मागं लागला होता.

"घराणं कोणाचं, तं किसनराव ड्रायवरचं," तो म्हणाला. "अन् पोट्टी दोनदा नापास."

"तू देऊन दाखव तिथची परीक्षा. तुले तं गाडी सुरू करायच्या आधीच उतरवतीन."

"मले हेच समजत नाई," किसनराव म्हणाले. "इथचं पक्कं लायसन हाये तुह्याकडं. सात वर्षं गाडी चालवली तू. तिकडं काऊन चालत नाई?"

"चालते बाबा, सहा महिने. मंग पाटी कोरी. डोळे तपासा, लेखी द्या, शिकवणी लावा, अन् मंग रस्त्यावरची परीक्षा. पहिल्या वेळी मी मुंडी फिरवून मांग पाहिलं नाई म्हणून नापास केलं. नुसता आरसा पाहून भागत नाई तिथं. बाजूनं सायकलवाला येत असन तं?"

"चांगलं हाये ना मंग," सरस्वतीबाई म्हणाल्या. "सायकलवाल्याचा बी विचार करते कोणी."

"अन् दुसऱ्या वेळी?" नारायणरावांनी विचारलं.

संजीवनीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. फोनवर तिनं हे सांगितलं नव्हतं.

खरं म्हणजे तिला हसत सांगायचं होतं, पण ते जमणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिचं काम फिरतीचं होतं. एका लहानशा गावात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना औषधं द्यायची, जखमा धुवायच्या, आंघोळी घालायच्या. दिवसाला बारा-चौदा घरं, आणि बस दिवसातून चारदा. सध्या एक सहकारीण तिला आपल्या गाडीतून नेत होती. कंपनीनं जूनपर्यंत मुदत दिली होती. परत गेल्यावर आठवड्यानं तिसरी परीक्षा, आणि त्यात नापास म्हणजे नोकरी गेली. तिथं राहायचे कागद त्याच नोकरीवर होते. मग बॅग भरून घरी.

"परीक्षा चाळीस मिनिटाची," ती म्हणाली. "बाजूले शिकवणारा मास्तर, मांग परीक्षक. पस्तीस मिनिटं मी एक चूक केली नाई. मंग चर्चपासून खाली नदीकडं उतार होता. अन् काका, माह्या हातानं गाडी न्यूट्रल केली. मले समजलंच नाई. गाडी भरधाव झाली, खाली रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एक आजी काठी टेकत चालली होती. मास्तरच्या पायाखाली बी ब्रेक असते. त्यानं दाबला. त्यानं ब्रेक दाबला की परीक्षा तिथंच खतम."

"आजीले लागलं का?" तानुबाईंनी आतून विचारलं.

"नाई आई. लय दूर होती."

"न्यूट्रलमंदी काय वाईट हाये?" किसनरावांना राहवलं नाही. "उताराले गाडी आपली आपण जाते. उगाच इंजिन रडवत न्यायचं कायले? त्या लोकायले उतार समजत नाई."

"बाबा, डोंगरच डोंगर हायेत त्यायच्याकडं," संजीवनी म्हणाली. मग हळू म्हणाली, "मले आता माह्या हाताचीच भीती वाटते. परीक्षेत पुन्हा तिकडंच गेला तं मी काय करू?"

आत तानुबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, जाऊ दे ना हात, पोरगी घरी तं येईन. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. गजानन महाराजांना नवस बोलायचं त्यांनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. पण पास होण्याचा बोलायचा की नापास होण्याचा, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

"मास्तरनं नंतर मले एक गोष्ट इचारली," संजीवनी सांगत होती. "म्हणे, तुमच्याकडं उताराले इंजिन बी बंद करता का? मी म्हटलं, नाई बापा. बाबा म्हणायचे, न्यूट्रल कर, पण किल्लीले हात लावशील तं हात तोडीन."

नारायणराव आंबा माचत होते, त्यांचे हात थांबले.

किल्लीला हात लावायचा नाही, हे दादानं कधीपासून म्हणायला सुरुवात केली? सोळाव्या वर्षी दादानंच त्यांना जीप शिकवली होती. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उतार लागला की किल्ली बंद कर, डिझेल वाचते, खाली गेल्यावर क्लच सोडला की आपोआप सुरू होते. तेव्हाच्या जुन्या गाड्यांना ते चाललंही असेल. पण त्या जीपच्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागायचा. इंजिन बंद असलं की एकदा ब्रेक लागतो, दुसऱ्यांदा अर्धा लागतो, आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं होतं, मग लायनर कितीही नवे असोत. हे शिकाऊ मेकॅनिकलाही माहीत असतं. म्हणूनच दवाखान्यात त्यांनी दादाला एकच प्रश्न विचारला होता, गाडी चालू होती की बंद.

"शिवम," ते म्हणाले, "तुले गाडी कोणी शिकवली बे?"

"बाबानंच की."

"किल्ली बंद करायले सांगतलं होतं?"

"हाव. मले तं पहिले तेच शिकवलं. मंग एक दिवस मी किल्ली बंद केली, तं असी झापड मारली की दोन दिवस कान वाजत होता." शिवम हसत होता. बाकी कोणी हसत नाही हे पाहून तो थांबला.

"कवा मारली?"

"आईचं प्लास्टर निघालं ना काका, त्याच हप्त्यात."

आत कढईचा आवाज बंद झाला. तानुबाईंनी गॅस बंद केला होता. त्या भिंतीला धरत दारात आल्या. हातात झारा तसाच होता.

"त्या दिवशी मले तितर ऐकू आले होते," त्या म्हणाल्या.

हे सगळ्यांना पाठ होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्या पहिलं हेच बोलल्या होत्या, आणि नंतरही कित्येकदा. डॉक्टर म्हणाले होते, भीतीनं होतं असं. मग घरातल्यांनी ऐकणं सोडून दिलं.

"जंगलात तितर ओरडत होते अन् मले साफ ऐकू येत होते," तानुबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या. "त्या जीपमंदी बाजूचा माणूस बोलला तं ऐकू नव्हतं येत. मंग तितर कसे ऐकू आले हो?"

किसनरावांना उत्तर माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं होतं, तानूचं प्लास्टर निघालं की नारायणला सांगू. प्लास्टर निघालं. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळीच्या आधीच गॅरेजचं शटर कायमचं खाली आलं आणि त्यानंतर सांगायला तोंडच उरलं नाही. दर आखाजीला भाऊ समोर बसून मुकाट जेवायचा, तेव्हा ते अर्ध्या ताटावरून उठायचे. लोकांना वाटायचं, किसनरावांचा राग अजून गेला नाही.

"गाडी बंद होती," ते म्हणाले.

"मी दवाखान्यात इचारलं होतं तुमाले," नारायणराव म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"हाव."

"काय सांगतलं होतं?"

"चालू होती म्हटलं होतं."

"काऊन, दादा?"

"तिचा पाय पाहिला अन् तोंडातून निघून गेलं. मंग परत घेता आलं नाई."

"माह्या हातानं वयनीचा पाय गेला, असं समजून मी सतरा वर्षं पाना हातात घेतला नाई." नारायणरावांनी हातातला आंबा परातीत ठेवला. "झोपेत बी थेच लायनर बसवत राह्यलो. कोणता नट ढिला राह्यला असन, थेच शोधत राह्यलो."

"अन् मी तुमाले दर आखाजीले वाढत होती, मनात राग धरून," तानुबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "वाढायची अन् मनात म्हणायची, याच माणसानं केलं. नारायणभाऊ, मले माफ करा."

"तुमी कायची माफी मागता, वयनी?"

नवऱ्याचे पिठानं पांढरे झालेले शर्ट सरस्वतीबाईंनी सतरा वर्षं धुतले होते. त्यांनी फक्त रसाची परात उचलली, तानुबाईंच्या हाताला धरलं आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

बारा वाजता घागर पुजली. शेणाच्या गोवरीच्या विस्तवावर पितरांच्या नावानं घास टाकायचा, तो थोरल्यानं. किसनराव घास हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "नारायण, आज तू टाक."

"तुमीच टाका," नारायणराव म्हणाले. "टाकताना आपल्या बाबाले सांगा काय झालं थे."

किसनरावांनी घास टाकला. ओठ बराच वेळ हलत होते. पंगतीत सरस्वतीबाईंनी सगळ्यांना रस वाढला आणि किसनरावांच्या ताटापाशी येऊन न वाढताच वाटी खाली ठेवली. शेवटी तिथं शिवमनं वाढलं.

हात धुऊन नारायणराव नेहमीसारखे चपला शोधायला लागले. संजीवनी त्यांच्यामागं अंगणात आली. तिला वाटलं, आता हे पुढच्या आखाजीलाही येणार नाहीत. तिनं आपल्या परीक्षेचं बोलणं काढलं आणि सगळं घर उसवलं, असं तिच्या मनात सकाळपासून चाललं होतं.

"काका, माह्यामुळं झालं हे."

"तुह्यामुळं झालं, थे बरंच झालं," नारायणराव म्हणाले. चप्पल सापडली होती, पण ते रस्त्याकडे गेले नाहीत. अंगणात उभ्या असलेल्या शिवमच्या दहा शिटांच्या गाडीकडे पाहत राहिले. "हाताची भीती वाटते म्हणत होती ना? किल्ली आण. तोच उतार उतरू, आत्ता."

"उन्हात?"

"उतार काय सावलीत येणार हाये?"

तानुबाई पदर डोक्यावर घेऊन बाहेर आल्या. "मी बी येते," म्हणाल्या. त्या रस्त्यानं त्या सतरा वर्षांत गेल्या नव्हत्या. माहेरच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या. सरस्वतीबाईंनी त्यांना गाडीत चढायला हात दिला आणि स्वतःही चढल्या. किसनराव दारात उभे होते. या घरात गाडी निघाली की पुढची जागा त्यांची, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तसं होतं.

"तुमी बी बसा," नारायणराव पुढचं दार उघडत म्हणाले. "मांग."

किसनराव मागं बसले.

बऱ्हाणपूरच्या रस्त्यानं डोंगर चढून संजीवनीनं गाडी वर नेली आणि वळवली. वैशाखातलं जंगल वाळून कोरडं झालं होतं, सागाला पान नव्हतं. तिनं तळहात कपड्याला पुसले.

"आता काय करशीन?" नारायणरावांनी विचारलं.

"दुसऱ्यात टाकीन."

"टाक. अन् पाय क्लचवरून काढ."

गाडी उतरायला लागली. पहिल्याच वळणाआधी तिचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. तिलाच दिसला तो जाताना. नारायणरावांनी तो धरला नाही.

"गेला तं जाऊ दे. फक्त मले सांग, कोणत्या गिअरात हाये?"

"दुसऱ्या."

"इंजिन ओरडून राह्यलं, ऐकते ना? ओरडू दे. थे गाडीले धरून राह्यलं. तुह्या बाबाले वाटते थे रडून राह्यलं. थे रडत नाई, काम करून राह्यलं."

खाली पोचल्यावर पुन्हा वर नेली, पुन्हा उतरवली. तिसऱ्या खेपेला हात अर्ध्यातून परत आला. पाचव्या खेपेला तो स्टेअरिंगवरून हललाच नाही. वळणावर ती दरड आली, जीप आदळली होती ती. तानुबाईंनी ती नीट पाहून घेतली. किसनरावांनी मात्र पाहिलं नाही. ते पुढच्या सीटवरच्या भावाच्या मानेवरच्या केसांकडे पाहत होते. ते केव्हा पिकले हे त्यांना कळलंच नव्हतं.

"तितर ऐकू येते का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाई," तानुबाई म्हणाल्या. "इंजिन ऐकू येते."

घरी परतल्यावर नारायणराव आत आले नाहीत. पण "येतो दादा" म्हणाले. एवढं ते सतरा वर्षांत म्हणाले नव्हते.

संजीवनी गेली. तानुबाईंनी शेवटी नवस बोलला. पोरीचा हात जागेवर राहू दे, एवढाच. बापाच्या त्याच सवयीनं सतरा वर्षं घराचं काय केलं, हे कळल्यावर दुसरा नवस बोलवेना.

आखाजीनंतर पंधरा दिवसांनी दुपारी चक्कीवर नारायणरावांचा फोन वाजला. ज्वारीचं दळण चालू होतं, काही ऐकू येईना. त्यांनी चक्की बंद केली. गिऱ्हाईक डबा घेऊन पाहत राहिलं.

"काका, त्यायनं मले तोच उतार दिला," संजीवनी म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "चर्चपासून नदीपर्यंत. दुसऱ्या गिअरात उतरली मी. लायसन हातात हाये माह्या."

"घरी सांगतलं?"

"नाई. तुमीच सांगा बाबाले."

फोन ठेवल्यावर नारायणराव थोडा वेळ पिठाच्या डब्यावर बसून राहिले. भावाचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नव्हताच. तो त्यांनी शिवमला विचारून घेतला.

"दादा, नारायण बोलून राह्यलो. पोरगी पास झाली."

पलीकडे किसनरावांनी तानुबाईंना सांगितल्याचं ऐकू आलं. नारायणराव फोन ठेवणार तेवढ्यात किसनराव म्हणाले,

"नारायण, शिवमच्या गाडीचा ब्रेक जरा वाजून राह्यला. तुह्याकडं आणू का?"

नारायणरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. पिठानं पांढरे झालेले होते. पाने नव्हते, पक्कड नव्हती, सगळंच भंगारात गेलं होतं. ते कुठून तरी मागून आणता आलं असतं.

"आणा," ते म्हणाले. "पण उताराले बंद करून आणू नका."

"हाव," किसनराव म्हणाले. "चालूच आणतो."